पुरुषांच्या कुंडाबाहेर

सोमवार, ७ नोव्हेंबर १९९४

ही डायरी ह्यांची. तेरा जूनपर्यंत ह्यांचं अक्षर आहे, पुढची पानं कोरी. चौदा जूनला सकाळी दाढी करताना उजवा हात खाली पडला तो पडलाच, आणि वाचाही त्याच दिवशी गेली. शाळेत एकतीस वर्षं इतिहास शिकवलेला माणूस, आता तोंडातून नुसतं अ... अ... एवढंच. पानं वाया जाताना मला बघवेना, म्हणून आजपासून मी लिहिणार. ह्यांना विचारलं, "चालेल ना?" उत्तर येणार नव्हतंच. मग मीच "चालेल" म्हटलं.

पराग दिवाळी करून आज बडोद्याला गेला. जाण्याआधी कॉटशेजारीच त्याने विषय काढला.

"आई, मी डोंगरीला एक जागा बघून आलोय. उत्तनच्या बाजूला. सिस्टर लोक चालवतात. आठ-नऊ पुरुष आहेत, सगळे बाबांसारखेच. मोठा व्हरांडा आहे. एक रिटायर्ड पोस्टमास्तर तर दिवसभर बुद्धिबळ मांडून बसलेला असतो. तू बसने कधीही जाऊ शकशील."

"हळू बोल."

"झोपलेत ते."

"जागे असले तरी ह्यांना आता काय कळतंय म्हणा," मी म्हटलं. "पण मी जिवंत असताना ह्यांना कुठे ठेवायचं नाही."

पराग म्हणाला, "तुझं वय काय, वजन काय. कोण उचलणार त्यांना रोज?" मी म्हटलं, पाच महिने कोण उचलतंय? तो गप्प झाला. बापासारखाच आहे, भांडायचं सोडून गप्प होतो.

शेवटी मीच तोडगा काढला. डॉक्टरांनी सांगितलं होतं की जे परत यायचं ते बहुतेक सहा महिन्यांत येतं. म्हणजे चौदा डिसेंबर. तोवर ह्यांच्या तोंडून एक जरी शब्द निघाला तर डोंगरीचं नाव पुन्हा काढायचं नाही.

"आणि नाही निघाला तर?"

"तर तू म्हणशील तसं."

बोलून बसले खरी.

गुरुवार, १० नोव्हेंबर

दिवसाचा क्रम लिहून ठेवते, म्हणजे परागला दाखवता येईल. सहाला कूस बदलणे. साडेसहाला चहा, बिनसाखरेचा. आठला आंघोळ, खुर्चीवर बसवून. पाणी आधी मी कोपराने बघते, मग ह्यांच्या डाव्या पायावर, कारण उजव्या अंगाला चटका कळत नाही. एकदा जुलैत फोड आला होता, तेव्हापासून ही पद्धत. मग मऊ खिचडी, कालवून. दुपारी मालिश. चारला टीव्ही.

कॉट आता हॉलमध्ये अशी लावलीय की मी ओट्याशी असले तरी मान वळवली की हे दिसतात. त्यासाठी पुस्तकांचं कपाट गॅलरीत टाकावं लागलं. घरात एवढीशी जागा, शांती नगरच्या बिल्डरने हॉल म्हणून जे दिलंय त्याला गिरगावात आम्ही बोळ म्हटलं असतं.

पाटी देऊन पाहिली होती, नुसत्या रेघा ओढतात. मानेचाही भरवसा नाही. हो म्हणायचं असलं तरी नाही अशी हलते, असं डॉक्टरच म्हणाले. मग मी विचारणंच सोडलं. बत्तीस वर्षांत ह्यांना काय हवं नको ते मला न विचारता कळतं.

बुधवार, १६ नोव्हेंबर

न्हाणीघरात आज आम्ही दोघंही घसरलो. ह्यांना काही लागलं नाही, देवाची कृपा. माझी कंबर जरा धरली. दुपारभर ओट्याला धरून उभी राहून भाकऱ्या केल्या.

हे मात्र संध्याकाळपर्यंत रडत होते. ह्या आजारात विनाकारण रडू येतं, डॉक्टरांनी सांगितलंय. मी डोळे पुसले आणि टीव्ही लावून दिला.

रविवार, २० नोव्हेंबर

समोरची नीलम शाह एक कागद घेऊन आली. "हंसामासी, ये देखो. वज्रेश्वरी. गरम पानी का कुंड. मेरी सासू का घुटना एकदम मस्त हो गया था."

कागदावर होतं: दाजी राणे यांची माहितीपूर्ण एकदिवसीय सहल. वज्रेश्वरी, अकलोली, गणेशपुरी. इतिहास, देवदर्शन व गरम पाण्याचे स्नान. नाश्ता-जेवणासह. रविवार, ४ डिसेंबर.

वाचलं आणि माझ्या अंगावर काटाच आला. लग्नानंतर दुसऱ्या वर्षी सासूबाईंबरोबर मी तिथे गेले होते. त्यांचे गुडघे धरलेले, जाताना मी आणि आणखी एकीने धरून नेलं, येताना स्वतः बसमध्ये चढल्या. ते मला पाच महिने आठवलं कसं नाही?

डॉक्टरांना विचारायला गेले. ते म्हणाले, "कोमट असेल तर हरकत नाही. पण त्याने वाचा येईल असं समजू नका." मी मान डोलावली. डॉक्टरांना सगळंच कळतं असं नाही.

रविवार, २७ नोव्हेंबर

आजची सहल आटोपून संध्याकाळी दाजी राणे घरी येऊन गेले, पेशंट बघायला. साठीचे आहेत, मूळचे रत्नागिरीकडचे, डोक्यावर पांढरी टोपी आणि तोंडाचा पट्टा अखंड चालू. दर रविवारी सहल असते म्हणे, कधी वज्रेश्वरी, कधी टिटवाळा.

कॉटशी वाकून म्हणाले, "काय सर, यायचं ना आमच्याबरोबर?"

"यायचंय तर," मी म्हटलं.

"बस लागते का हो तुम्हाला?"

"नाही लागत ह्यांना."

"वहिनी, मी सरांना विचारतोय."

"अहो, त्यांच्या वतीनं मीच बोलते," मी म्हटलं. दाजी हसले. हे भिंतीकडे बघत होते.

ह्यांच्यासाठी नाडीचा एक सदरा शिवलाय, पुढून उघडणारा, म्हणजे कुंडाकाठी कपडे बदलायला त्रास नको. घालून बघितला. हे डाव्या हाताने नाडी सोडत राहिले, मी बांधत राहिले. शेवटी ह्यांनी डोळे मिटून घेतले. मी कुंडात ह्यांना कशी उतरवणार याचा सराव रोज न्हाणीघरात करतेय. एक पाय, मग बैठक, मग दुसरा पाय. कंबरेला पट्टा बांधते आणि करते. सात दिवस राहिले.

सोमवार, ५ डिसेंबर

काल लिहायची ताकद नव्हती. आज सगळं लिहिते, क्रमाने.

साडेसहाला बस गेटवर. बबन ड्रायव्हर, चेण्याचा आहे. मला ह्यांना खुर्चीत बसवायला दहा मिनिटं लागतात. त्याने एका दमात उचलून पहिल्या सीटवर ठेवलं. मी शेजारी. मागे नीलम आणि सोसायट्यांमधली पंचवीसेक माणसं. चेण्याला गाडी मिनिटभर थांबली, बबनची बायको रस्त्यावर डबा घेऊन उभी होती. खाडीचा पूल ओलांडला आणि दाजींनी माइक हातात घेतला.

"तर मंडळी! सन सतराशे एकसष्ट! वसईचा किल्ला पोर्तुगीजांच्या ताब्यात. चिमाजी अप्पांनी देवीला नवस केला, आई वज्रेश्वरी, किल्ला मिळू दे, तुझं देऊळ किल्ल्यासारखं बांधीन. आणि किल्ला मिळाला!"

टाळ्या पडल्या. माझ्या अंगात एकदम बळ आलं. चिमाजी अप्पांना दिलंस तर आम्हालाही एक शब्द दे, मी मनात म्हटलं.

तेवढ्यात हे अ... अ... करायला लागले. डावा हात वर, आणि एक बोट. पहिल्या बोटालाच मी समजले. शाळेत पोरं दाखवतात तेच. "बबन, गाडी थांबव रे," मी ओरडले. "ह्यांना एकीला जायचंय."

गाडी हायवेच्या कडेला थांबली. बबन आणि दाजींनी ह्यांना उचलून झुडपाआड नेलं. पाच मिनिटांनी आणलं तेव्हा ह्यांचा चेहरा लालभडक झालेला.

"आई, त्यांना लागली न्हाय," बबन हळूच म्हणाला.

"नाही तर नाही," मी म्हटलं. "पण मग बोट कशाला करायचं?"

दाजींनी पुन्हा माइक घेतला, पुन्हा सतराशे एकसष्ट म्हणाले, आणि ह्यांचा हात पुन्हा वर. ह्या वेळी मी तो धरलाच आणि मांडीवर दाबून ठेवला. शिरसाड फाट्यापर्यंत वळवळत होता. मागच्या बाई म्हणाल्या, बिचाऱ्यांना झटके येतात का? मी म्हटलं, हो.

देवळाला पायऱ्या खूप, वर जायचा प्रश्नच नव्हता. बाकीचे दर्शन घेऊन आले, नीलमने अंगारा आणला. मग अकलोलीची कुंडं.

माझ्या पिशवीत सगळं होतं. दोन टॉवेल, पाण्याचा मग, खोबरेल, नाडीचा सदरा, बसायला प्लॅस्टिकचं स्टूल. साडी वर खोचली, कंबरेला पट्टा आवळला. बबनने ह्यांना भिंतीतल्या दारापर्यंत आणलं. दाराशी एक म्हातारा बसला होता.

"बाई, कुठे? हे पुरुषांचं."

"हे माझे मिस्टर आहेत."

"आत सगळे कोणाचे ना कोणाचे मिस्टरच आहेत. बायकांचं तिकडे."

"अहो, ह्यांना अर्धांग आहे. मला आंघोळ घालायचीय."

"आत दहा माणसं उघडी बसलीत, बाई."

"मला काय करायचंय त्यांच्याकडे बघून!" मी म्हटलं. पण तो दारातून हलेना, आणि आतून कोणीतरी टॉवेल ओढून घेत ओरडलं, कोण बाई आहे रे?

मी तिथेच उभी राहिले. पंधरा दिवस मी पाण्याचा विचार केला, पायऱ्यांचा केला, सदऱ्याच्या नाड्यांचा केला. पुरुषांचं कुंड वेगळं असतं हे माझ्या डोक्यातच आलं नाही. सासूबाईंबरोबर आले होते तेव्हा आम्ही बायकांच्या बाजूला गेलो, पुरुष कुठे गेले ते कोण बघतंय? सगळ्या बसला माहीत होतं, दाजींना माहीत होतं. मला कोणी सांगितलं नाही, कारण कोणालाही ते सांगण्यासारखं वाटलं नसणार.

"आई, मी हाय ना," बबन म्हणाला. "कसा करायचा ता सांगा."

मी सांगायला लागले. पाणी आधी डाव्या पायाला. उजव्याला चटका कळत नाही. उजवा हात मोकळा सोडायचा नाही, खांदा निखळतो. मान मागे जाऊ द्यायची नाही. पाण्याचा घोट जाता कामा नये, ठसका लागतो. बबन पहिल्या दोन गोष्टींना हो हो म्हणाला, पुढचं त्याच्या डोक्यावरून गेलं ते मला दिसत होतं. ह्यांनी माझ्याकडे पाहिलं. "घाबरू नका, मी इथेच आहे," मी म्हटलं. मग बबन आणि दाजी ह्यांना घेऊन आत गेले.

भिंत माझ्या डोक्याहून हातभर उंच. टाचा उंचावल्या तरी नुसती वाफ दिसली.

"बबन, डावा पाय आधी!"

"हो, आई."

"पाणी बघितलंस का? कोपराने बघ!"

"बघितला."

"खांदा धरलायस ना? दाजी, खांदा!"

ह्यावेळी उत्तर आलं नाही. पाण्याचा आवाज आला, मग कोणीतरी "सांभाळ, सांभाळ" म्हणालं. मी भिंतीला दोन्ही हात लावून उभी. बायका टॉवेल घेऊन जाता जाता माझ्याकडे बघत होत्या. आत माझा माणूस उकळत्या पाण्यात बसलाय की बुडतोय ते मला कळायला मार्ग नाही, आणि तो हाक मारू शकत नाही. "अहो!" मी ओरडले. आतून चार जणांनी "ओ" दिली आणि सगळे हसले. माझ्या डोळ्यांत पाणी आलं.

मग अ... अ... ऐकू आलं. हे. मी दाराकडे धावले, म्हाताऱ्याने हात आडवा केला. आत दाजींचा आवाज: "काय सर? एक? एक काय?... पाच, आणि दोन... सात? मग तीन. मग पाच आणि चार, नऊ. एक सात तीन नऊ."

"अरे देवा! सतराशे एकोणचाळीस! वसई सतराशे एकोणचाळीसला घेतली! एकसष्ट म्हणजे पानिपत! अहो सर, मी आठ वर्षं माइकवर एकसष्ट सांगतोय, एकानेही मला टोकलं नाही!"

आत हशा पिकला. त्यात एक हसणं वेगळं होतं, खोल, घोगरं, मध्येच अडकणारं. कोणाचं ते मला आधी ओळखू आलं नाही. मग आलं. जूननंतर मी ते ऐकलं नव्हतं.

बसमधलं ते बोट म्हणजे सतराशेमधला एक होता. मी पुढचे तीन आकडे मांडीवर दाबून ठेवले.

अर्ध्या तासाने हे बाहेर आले ते बबनच्या लुंगीत आणि दाजींच्या बनियनमध्ये. अंग गुलाबी झालेलं. नाडीचा सदरा पिशवीतच राहिला. मी टॉवेल घेऊन पुढे झाले तर दाजी म्हणाले, "वहिनी, पुसून झालंय सगळं. तुम्ही जा, आंघोळ करून या." मी नाही गेले.

परतताना दाजी माझ्या सीटवर बसले आणि मी मागे नीलमशेजारी. दाजींनी माइकवर जाहीर केलं, "मंडळी, आजपासून इतिहास सरांचा! सर, एक बोट म्हणजे हो, दोन म्हणजे नाही." आणि मग घोडबंदर येईपर्यंत तेच. हे देऊळ चिमाजी अप्पांनी स्वतः पुरं झालेलं पाहिलं का? दोन. पोर्तुगीजांनी बायका-मुलांसह किल्ला सोडला का? एक. बस टाळ्या वाजवत होती. एकदाही हे मागे वळले नाहीत.

नीलम म्हणाली, "देखो मासी, कितने खुश हैं." मला दिसत होतंच. मला राग आला, मग रागाची लाज वाटली, आणि लाज वाटून राग काही गेला नाही.

शब्द मात्र निघाला नाही. आता नऊ दिवस.

बुधवार, ७ डिसेंबर

दाजी वही घेऊन आले. दीड तास बसले. गॅलरीतल्या कपाटातून ह्यांचीच पुस्तकं काढून आणली आणि पानं उलटत विचारत राहिले, सर, हे खरं? सर, हे? जाताना म्हणाले, "वहिनी, सर म्हणजे खाण आहे हो."

"त्या खाणीला रोज आंघोळ मी घालते," मी म्हटलं.

दाजी गेल्यावर मीही विचारून पाहिलं. चहा देऊ? एक. बिनसाखरेचा? दोन. मी म्हटलं, अहो, डॉक्टरांनी साखर बंद नाही केलेली, मीच आपली... मग साखर घालू? एक. खिचडी आवडते का? दोन. टीव्ही लावू? दोन. रोज चारला लावते तो नको असतो? एक.

सहा महिने. मी स्वयंपाकघरात जाऊन उगाचच भांडी घासली.

बुधवार, १४ डिसेंबर

आज मुदत संपली. डॉक्टरांकडे रिक्षाने नेऊन आणलं. त्यांनी घशात बघितलं, जीभ बाहेर काढायला लावली, बोटांचा प्रकारही बघितला. मग मला बाजूला घेऊन म्हणाले, "वाचा आता येणार नाही, आशा ठेवू नका. पण समज पूर्ण आहे. माझ्या मते पहिल्यापासून असावी."

पहिल्यापासून.

रिक्षात ह्यांचं डोकं माझ्या खांद्यावर होतं. मी ह्यांच्यासमोर काय काय बोलले ते आठवत बसले. नीलमला म्हटलं होतं की आता हे म्हणजे तान्हं बाळच. परागला म्हटलं होतं ते लिहूनच ठेवलंय. ऑगस्टमध्ये एकदा, दोन रात्री झोप नव्हती तेव्हा, मी ओट्याशी उभी राहून देवाला म्हटलं होतं की एकदाचं सोडव, ह्यांना नाहीतर मला. कोणी ऐकत नाही म्हणून मोठ्याने म्हटलं होतं.

गुरुवार, १५ डिसेंबर

परागचा नीलमकडे फोन आला. डोंगरीला एक कॉट रिकामी होतेय, रविवारपर्यंत कळवायचं. मी म्हटलं, शब्द नसेल निघाला, पण बोटं बोलतात. एक म्हणजे हो, दोन म्हणजे नाही, सगळं सांगतात.

"मग त्यांनाच विचार ना, आई," पराग म्हणाला.

मला हायसं वाटलं. हे मला आधीच सुचायला हवं होतं. हे स्वतः नाही म्हणाले की मग कोणाची टाप आहे?

शनिवार, १७ डिसेंबर

सकाळी सगळं आवरून विचारलं. साखरेचा चहा दिला, खिडकी उघडली, उशीला टेकवून बसवलं. खुर्ची ओढून समोर बसले. म्हटलं, "पराग म्हणतोय तुम्हाला डोंगरीला ठेवू या. तुम्हाला जायचंय का?"

एक बोट.

मला वाटलं दुसरं यायचंय, बोटं आखडली असतील. थांबले. एकच.

म्हटलं, गोंधळ झाला असेल. तपासून घेऊ. "आज शनिवार का?" एक. "माझं नाव सुलू का?" दोन, आणि ओठाच्या डाव्या कोपऱ्यात हसू. "आपल्याला तीन मुलं?" दोन. "आपण गिरगावात राहायचो?" एक.

"डोंगरीला जायचंय?"

एक.

"माझ्यावर रागावलात?" दोन. "मी नीट करत नाही का तुमचं?" ह्याला बोटच आलं नाही. हात तसाच हवेत राहिला. मग ह्यांनी तो पुढे केला आणि माझ्या हातावर ठेवला.

"का पण?" मी विचारलं. दोनदा, तीनदा विचारलं. का, ह्याला ते काय उत्तर देणार? सन विचारला असता तर दिला असता. हे माझ्याकडे बघत राहिले आणि मी रडत राहिले, ह्यांच्यासमोर, तोंड न फिरवता. बत्तीस वर्षांत न विचारता सगळं कळायचं मला.

रविवार, १८ डिसेंबर

दहाला नीलमने हाक मारली, "मासी, पराग का फोन." दोन्ही घरांची दारं उघडीच होती, दिवसा आम्ही ती लावत नाही. मधे चार पावलांचा पॅसेज. फोन तिच्या दाराशीच.

पराग म्हणाला, "विचारलंस बाबांना?"

"विचारलं."

"मग?"

मी खरं सांगायचं ठरवून गेले होते. देवाशपथ ठरवून गेले होते.

"नाही म्हणाले," मी म्हटलं. "दोन बोटं दाखवली. तीनदा विचारलं, तिन्ही वेळा दोन."

पराग म्हणाला, "ठीक आहे. त्यांनाच नको असेल तर प्रश्नच मिटला. मी कळवतो त्यांना." आवाजात रडू होतं की सुटल्याचा आनंद, मला कळलं नाही.

घरात आले. हे दाराकडेच बघत होते. मी म्हटलं, "पराग बरा आहे. सूनबाई पण बरी आहे." ह्यांनी डावा हात चादरीखाली घेतला.

सोमवार, १९ डिसेंबर

सकाळी विचारलं, चहा? हात चादरीखालीच. साखर घालू ना? काही नाही. खिडकी उघडू? पाणी गरम लागतंय का? आंघोळ घालताना हात बाहेर काढला तो मीच, ओला, सैल, उजव्यासारखा.

अकराला दाजी येऊन गेले. पुढच्या रविवारी वसईचा किल्लाच दाखवायचा म्हणतात, सरांना घेऊन. नकाशा पसरला, सन विचारले. ह्यांनी त्यांच्याकडे बघितलं, बोट नाही उचललं. "दमलेत आज," दाजी म्हणाले आणि वही मिटून उठले.

दुपारी मी कॉटशी बसले. म्हटलं, "मी परागला आत्ता फोन करते. खरं सांगते. चुकलं माझं. फक्त एकदा बोट दाखवा, काहीही दाखवा, दोन दाखवा." चादर हलली नाही. नीलमकडे गेले. परागच्या ऑफिसात फोन लागला. त्याला सगळं सांगितलं. तो ओरडला नाही. म्हणाला, "आई, ती कॉट काल संध्याकाळीच दुसऱ्याला दिली."

परत येऊन ह्यांना ते सांगितलं. कळायला हवं म्हणून सांगितलं. मग चादर नीट केली, हाताला हात न लावता, आणि कणीक मळायला घेतली.